साखळीची कात्री

भाचीनं सफरचंदाचा पहिला चावा घेतला आणि तिच्या कानाखाली 'टक्' असं वाजलं.

आवाज काही मोठा नव्हता. जेवणाची सुट्टी, तीस बायका, तीस डबे, वर पंख्याची घरघर, त्यात असला आवाज कोणाला ऐकू जातो? पण वहिनीला गेला. तिचा घास हातातच राहिला. हा आवाज तिच्या चांगला ओळखीचा होता. तिचा स्वतःचा जबडा सकाळी चूळ भरताना वाजायचा, तिच्या नणंदेचा जांभई देताना वाजायचा आणि पलीकडच्या काजवालीचा तर दोन्ही बाजूंनी वाजायचा. पण या बायका कारखान्यात झिजून जुन्या झालेल्या. ही पोरगी एकोणीस वर्षांची, कामाला लागून उणेपुरे तीन महिने!

"परत चाव," वहिनी म्हणाली.

"काय?"

"सफरचंद गं. परत चाव म्हणते ना."

भाचीनं चावलं. टक्. आणि तोंड मिटताना हनुवटी डावीकडे सरकली आणि मग जागेवर आली.

"मामी, अशी बघू नकोस ना. आठवडाभर वाजतंय नुसतं. दुखत नाही काही. सकाळी जरा अडकतं, हातानं हलवलं की सुटतं."

"जरा अडकतं म्हणे!" वहिनीनं डब्याचं झाकण असं आपटलं की शेजारणीचं पाणी सांडलं.

समोर भाचीची आई बसली होती, म्हणजे वहिनीची नणंद. वहिनी तिला ताई म्हणायची आणि ताई हिला वहिनी म्हणायची, म्हणून मग अख्खा कारखानाच वहिनी म्हणायला लागला. तिच्या बापाच्या वयाचा म्हातारा इस्त्रीवालासुद्धा. ताई मऊ भात डाव्या बाजूनं चघळत होती. उजव्या बाजूला तिला दाढाच नव्हत्या. दोन होत्या, त्या दोन वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरनं काढल्या. कानापासून दाढेपर्यंत ठणका लागायचा म्हणून आधी एक काढली. ठणका राहिला तो राहिलाच, म्हणून दुसरी काढली. ठणका अजून आहे, दाढा गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, शर्टाच्या कारखान्यात बायकांचे जबडे कशानं वाजतात? सांगते, आणि ऐकून हसायचं काम नाही. वरच्या मजल्यावर शर्ट शिवले जात. खाली या लांब टेबलावर ते गठ्ठ्यागठ्ठ्यानं येत, आणि त्यांचे लोंबणारे धागे तोडायचे एवढंच इथलं काम. कॉलरला दोन, कफांना चार, प्रत्येक काजाला एक, बाहीच्या जोडाला, खिशाच्या कोपऱ्याला. एका शर्टाला वीस धागे कुठं गेले नाहीत. आणि हे वीसच्या वीस धागे बायका दातांनी तोडत. खालचा जबडा पुढं काढायचा, पुढच्या दातांच्या कडा एकमेकींवर आणायच्या, मध्ये धागा धरायचा आणि मान न हलवता बारीक हिसका द्यायचा. दिवसाला तीन हजार वेळा. काहींच्या पुढच्या दातांना बारीक खाच पडली होती, तिच्यात धागा बरोबर बसायचा. काजवाली गमतीनं म्हणायची, माझ्या तोंडातच सुईचं नेढं आहे.

म्हणजे कारखान्यात कात्री नव्हती असं नाही. होती की! एक. मास्तरच्या टेबलाला साखळीनं बांधलेली. मास्तर म्हणजे खालच्या मजल्याचा मुकादम; शिवणकामातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण गळ्यात मापाची पट्टी अडकवून फिरायचा म्हणून मास्तर. त्याच्या डोक्यावर पाटी होती: 'धागा कापण्यासाठी फक्त हीच कात्री वापरावी. दुसरी कात्री सापडल्यास कामावरून कमी.' टेबलाच्या टोकापासून त्या कात्रीपर्यंत चौदा पावलं. प्रत्येक धाग्याला चौदा पावलं जायचं आणि चौदा यायचं, तर शर्ट कधी व्हायचे? तेव्हा पाटी भिंतीवर आणि धागा दातात. मास्तर ते बघायचा. सहा वर्षं बघत होता. कधी चकार शब्द काढला नाही.

सहा वर्षांपूर्वी मात्र प्रत्येकीला आपापली छोटी कात्री होती. दिवसभर हातातच असायची. सगळ्यांना एकच खोड: दोन्ही हातांनी शर्ट उलटायचा असला की कात्री क्षणभर त्याच शर्टाच्या छातीच्या खिशात ठेवायची. खिसा समोरच असतो ना. एकदा कोणीतरी ती ठेवली आणि काढायचीच विसरली. इस्त्री झालेला, शेवटची नजर फिरवायला आलेला शर्ट होता तो. घडी घालून, टाचण्या लावून, खोक्यात बसून गेला. परगावच्या दुकानात गिऱ्हाइकानं शर्ट उलगडला आणि कात्रीचं टोक तळहातात गेलं. टाके पडले. मालकाचा संताप मास्तरवर आणि मास्तरचा बायकांवर. "कोणाची कात्री? सांगा!" कोणी सांगेना. "नाही ना सांगत? मग सगळ्यांच्या जमा!" तीसच्या तीस कात्र्या एका पत्र्याच्या डब्यात घालून त्यानं मागच्या कपाटात ठेवल्या, किल्ली कमरेला लावली आणि शपथ घेतल्यासारखं म्हणाला, "जिची होती तिनं पुढं येऊन सांगावं. त्याच दिवशी कपाट उघडतो."

तीसच्या तीस जमा झाल्या, हे मास्तरच्या टाळक्यात कधी शिरलं नाही. एक तर खोक्यातून परगावी गेली होती; मग एकोणतीसच व्हायला हव्या होत्या. तिसावी एकीनं जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी आणली होती आणि तिच्या मुठीवर बुटांचं पॉलिश चोळून जुनी केली होती.

ती वहिनी.

हो, वहिनीच. सहा वर्षं जिच्या नावानं टेबलावर बोटं मोडली जात, ती हीच. "कोण भवानी होती कोणास ठाऊक, तिच्यापायी आपले दात गेले," असं काजवाली म्हणायची, आणि वहिनी सगळ्यांच्या वर आवाज चढवून म्हणायची, "सापडू दे, झिंज्या उपटते!" तेव्हा ती कामाला लागून पाचच महिने झाले होते, आणि तेही ताईनं मालकाकडे शब्द टाकला होता म्हणून. ताईचं नाक कापलं जाईल म्हणून गप्प बसले, असं ती मनाला सांगायची. पहिल्या वर्षी ते पटायचंही. ताईची पहिली दाढ गेली त्या दिवसापासून पटेनासं झालं. आणि दुसरी गेली त्या दिवशी घरी जाऊन तिनं दात इतके आवळले की सकाळी तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना.

आणि आता ही पोरगी. टक्.

वहिनी उठली. जेवणाची सुट्टी अजून संपली नव्हती; मास्तर आपल्या टेबलावर पाय सोडून केळं खात होता. तिच्या मागं टेबलावर कुजबुज उठली, कारण वहिनीची चाल बघूनच बायकांना कळायचं की आज कोणाची तरी हजेरी घेतली जाणार.

"मास्तर, कपाट उघडा."

"का बरं?"

"तीन महिन्यांपूर्वी लागलेल्या पोरीचा जबडा वाजायला लागला. अजून किती जणींचे वाजवणार आहात? दातांनी धागे तोडायला आम्ही काय उंदीर आहोत?"

"मी कुठं म्हटलं दातांनी तोडा?" मास्तरनं केळ्याचं साल नीट घडी घालून ठेवलं. "पाटी वाच. कात्री आहे."

"चौदा पावलांवर!"

"मग चाला. तब्येतीला बरं असतं." पलीकडे इस्त्रीवाल्याचा मदतनीस खिदळला, तसा मास्तरला आणखी जोर चढला. "आणि हे बघ वहिनी, मी शब्दाचा पक्का आहे. कोणाची कात्री होती ते सांगा, या मिनिटाला कपाट उघडतो. सहा वर्षं सांगतोय. तुमच्यातलीच कोणीतरी तोंड शिवून बसली आहे, मी नाही."

वहिनीच्या डोक्यात तिडीक गेली. कानशिलं तापली. त्या माणसाचा इतका राग आला आणि त्यानं म्हटलं ते अक्षरन्‌अक्षर खरं होतं याचा त्याहून जास्त. बस्स झालं, तिनं ठरवलं. आज सांगायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, वरच्या मजल्यापर्यंत. तिनं छाती भरून श्वास घेतला.

"कोणाची म्हणून विचारता? ऐका मग! सगळ्यांनी ऐका! ती कात्री—"

आणि कानाखाली दोन्हीकडे काहीतरी घसरलं. तोंड जेवढं उघडलं होतं तेवढंच राहिलं. मिटेना. वहिनीनं मिटायचा जोर केला तशी कळ डोळ्यांपर्यंत गेली. शब्द घशात होते, जीभ होती, आवाज होता, पण बाहेर पडत होतं ते नुसतं "आ... आ..."

क्षणभर कोणाला काही कळलंच नाही. मग मदतनीस हसला. मग मास्तर हसला, पोट धरून. "घ्या! बाईंचं तोंड शेवटी अडकलंच! अहो मिटा की आता, माशी जाईल!" आणि काय सांगू, टेबलावरच्या दोघीतिघीही हसल्या. वहिनीच्या हनुवटीवरून लाळ ओघळायला लागली आणि ती पुसली तरी थांबेना. रागानं माणूस रडतं, ओरडतं, काहीतरी फोडतं. तिला यातलं काहीच करता येईना. वासलेल्या तोंडानं ती मास्तरकडे बघत उभी राहिली.

ताई धावली. तिनं आपला रुमाल वहिनीच्या तोंडावर धरला आणि मास्तरला म्हणाली, "हसा. दात आहेत तोवर हसा." मग भाचीला हाक मारली आणि दोघी तिला धरून बाहेर घेऊन गेल्या.

दवाखाना चार गल्ल्या पलीकडे होता. रस्त्यानं जाणारा जो तो वळून बघत होता. वहिनीनं रुमाल नाकापर्यंत ओढून घेतला होता आणि खालून लाळ गळतच होती.

जबड्यांचं बघणारी डॉक्टरबाई बुटकी, जाड चष्म्याची, कमी बोलणारी होती. तिनं वहिनीला भिंतीला टेकून बसवलं, दोन्ही अंगठ्यांना जाळीदार कापड गुंडाळलं आणि ते तोंडात घालून मागच्या दाढांवर टेकवले. "सैल सोडा. लढू नका माझ्याशी." वहिनीला सैल सोडणं कधी जमलं होतं? "बाई, मी काही तुमची शत्रू नाही. सोडा." तिनं आधी खाली दाबलं, मग मागं ढकललं. खट्ट! तोंड मिटलं. वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण डॉक्टरबाईनं तिच्या हनुवटीखाली हात धरला.

"बोलायचं नाही. तीन आठवडे तोंड एका बोटापेक्षा जास्त उघडायचं नाही. जांभई आली तर हनुवटीला मूठ लावायची. पातळ खायचं. ओरडायचं तर अजिबात नाही. परत निखळला तर मग सवयच लागेल त्याला." आणि हनुवटीखालून डोक्यावर अशी पट्टी बांधता बांधता तिनं विचारलं, "काम काय करता?"

"धागे तोडतो आम्ही," भाची म्हणाली. "दातांनी."

डॉक्टरबाईचे हात थांबले. मग तिनं भाचीला खुर्चीत बसवलं. कानापुढं दोन बोटं ठेवून तोंड उघड-मीट करायला लावलं. भाचीचं तोंड अडकणाऱ्या ड्रॉवरसारखं आधी एका बाजूला जायचं, मग टक् करून सरळ व्हायचं. "इथं सांध्यात एक मऊ चकती असते. ती पुढं सरकायला लागली आहे. एवढ्यात थांबवलंस तर वाचशील. नाही थांबवलंस तर एके दिवशी ती अडकून बसेल आणि तोंड उघडणारच नाही. दातांनी धागा तोडणं बंद. आजपासून."

मग ती ताईकडे वळली. तोंडात बघितलं, उजव्या बाजूची रिकामी जागा बघितली. "या दोन दाढा का काढल्या?"

"दुखत होत्या."

"किडल्या होत्या?"

"नाही म्हणाला. पण दुखत होत्या ना. कानापर्यंत."

डॉक्टरबाईनं ताईच्या कानापुढं अंगठा दाबला. ताई कळवळली. "हाच ठणका?"

"हाच."

"हा दाढांचा नाही, सांध्याचा आहे. नुसता जाणवतो दाढेत. काढणाऱ्यानं आधी इथं दाबून बघायला हवं होतं."

"म्हणजे चांगल्या होत्या माझ्या दाढा?" ताईनं विचारलं. डॉक्टरबाई चष्मा पुसायला लागली. "दुसरी काढून झाल्यावर तो मला म्हणाला, बाई, तुमच्या मनात आहे सगळं," ताई म्हणाली, आणि एकदम खुर्चीच्या हातावर तिनं मूठ आपटली. "मनात म्हणे! मेल्याच्या मनात जाळ घालायला हवा होता तेव्हाच!"

वहिनी पट्टीत आवळलेली, भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होती. तिला तिथंच जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. सहा वर्षं तोंड सुटं होतं तेव्हा ही बया बोलली नाही, आणि आता बोलायचं तर पट्टी! ताई येताना रस्त्यात म्हणाली, "आज तू मास्तरला चांगलं झाडलंस, वहिनी. ती कात्रीवाली सापडली ना, तर मीच तिला या दाढा मोजायला लावणार आहे." वहिनीनं मान खाली घातली. ताईला वाटलं, दुखतंय.

दुसऱ्या दिवशी घरी राहायला सांगितलं होतं. तरी वहिनी कामावर गेली. डोक्याला पांढरी पट्टी, ती हनुवटीखालून वर डोक्यावर गाठ मारलेली, अशा थाटात ती दारातून आत आली तेव्हा मास्तर म्हणाला, "वा! आज शांतता लाभणार म्हणायची." कोणी हसलं नाही. काल हसलेल्या दोघीतिघीही नाहीत. भाचीनं रात्रभर डॉक्टरबाईचं बोलणं घोळवलं असावं. सकाळी प्रत्येकीच्या कानापुढं बोट ठेवून ती तोंड उघडायला लावत होती, आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टक् टक् वाजत गेलं होतं.

गठ्ठा आला. वहिनीनं पहिला शर्ट उचलला. कॉलरचा धागा बोटात धरला. सवयीनं जबडा पुढं निघाला आणि पट्टीनं त्याला अडवलं. ती थांबली. मग उठली, शर्ट घेऊन चौदा पावलं चालत गेली, साखळीची कात्री उचलली, धागा कापला, कात्री जागेवर ठेवली आणि चौदा पावलं परत आली. बसली. दुसरा धागा बोटात धरला. उठली.

"हे काय चाललंय?" मास्तर म्हणाला.

वहिनीनं त्याच्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

तिसऱ्या फेरीला भाची शर्ट घेऊन तिच्या मागं उभी राहिली. मग ताई उठली. मग काजवाली. खुर्च्या सरकायला लागल्या. थोड्या वेळात तीस बायका, प्रत्येकीच्या हातात एक शर्ट, त्यातला एक धागा बोटात धरलेला, अशी रांग मास्तरच्या टेबलापासून जिन्यापर्यंत गेली. एकेक जण यायची, एक धागा कापायची, रांगेच्या शेवटी जायची. कोणी घाई केली नाही. काजवाली तर नंबर आला की मास्तरला "बरे आहात ना?" असंही विचारायची.

तासाभरात टेबलावर एकही शर्ट पुरा झाला नव्हता. वरून गठ्ठे येत होते आणि साचत होते. इस्त्रीवाला म्हातारा इस्त्री बंद करून स्टुलावर बसला आणि रांगेकडे मजेत बघायला लागला. मास्तरच्या टेबलावरचा फोन वाजला, मास्तर "हो साहेब, हो साहेब" म्हणाला, त्याच्या कपाळावर घाम आला.

"अगं दातांनी तोडा की!" शेवटी तो किंचाळला. "रोज तोडता ना!"

सगळ्यांनी ऐकलं. सहा वर्षं जे तो बोलत नव्हता ते त्याच्याच तोंडून आलं. "बघा हं," ताई रांगेतून म्हणाली, "काल म्हणत होता मी कुठं म्हटलं!"

मास्तर चपापला. पण तो काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं कमरेची किल्ली काढून हातात धरली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर केली. आवाज एकदम गोड केला.

"ठीक आहे. माझा शब्द आहे, तो आजही आहे. ही किल्ली. कोणाची कात्री होती तेवढं सांगा, आत्ता उघडतो. तिच्या एकटीपायी तुम्ही सगळ्या भोगताय. धरा की तिला! मला कशाला त्रास?"

रांग हलली. असा माणूस बरोबर तिथंच बोट घालतो. काजवालीनं शर्टांच्या घड्या घालणाऱ्या घडीवालीकडे बघितलं. घडीवाली म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? त्या दिवशी तू पण होतीस घडीला." "मी?" "मग काय मी?" दोघी एकमेकींच्या अंगावर जायच्या बेतात आल्या, आणि रांग मधूनच तुटायला लागली. मास्तर टेबलाला टेकून बघत होता. तोंडावर हसू.

वहिनी रांगेत सगळ्यात पुढं होती. तिनं कात्री जागेवर ठेवली. कालचं ते लांबलचक भाषण, वरच्या मजल्यापर्यंत न्यायचं, ते तिला आठवलं. मला पाचच महिने झाले होते, ताईचा शब्द होता, मी भ्याले, सगळं सगळं त्यात होतं. त्यातलं काही आता बोलता येणार नव्हतं. तिनं हनुवटीला मूठ लावली आणि दातांच्या फटीतून म्हणाली,

"माझी."

एवढंच. एका बोटाएवढंसुद्धा तोंड उघडावं लागलं नाही.

मास्तरला ऐकू आलं नाही. "काय म्हणाली?" पण ताई मागंच उभी होती, तिला ऐकू आलं होतं. ताईचा चेहरा वहिनीला दिसला आणि तिनं डोळे खाली घातले नाहीत. तेवढं तरी तिनं केलं. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, कात्रीवर ठेवलं, परत छातीवर ठेवलं.

"वहिनीची?" काजवाली ओरडली. "झिंज्या उपटते म्हणत होतीस ती तूच?" कोणीतरी हातातला शर्ट वहिनीच्या अंगावर फेकला. भाची तोंडावर हात ठेवून उभी होती, बोटं बरोबर कानाखाली.

मास्तरला आता कळलं, आणि त्याला उकळ्या फुटल्या. "अस्सं! अस्सं! चल, आत्ताच्या आत्ता बाहेर हो. उद्यापासून तोंड दाखवू नकोस." किल्ली त्यानं परत कमरेला लावायला घेतली.

ताईनं त्याचं मनगट धरलं.

"कपाट," ती म्हणाली.

"अगं बघू, साहेबांना विचारून—"

"शब्दाचे पक्के आहात ना? तिनं सांगितलं. कपाट उघडा." ताईचा आवाज चढला नाही, पण मागं सगळी रांग परत जुळली होती, काजवालीसकट. इस्त्रीवाला म्हातारा स्टुलावरून म्हणाला, "उघडा मास्तर, माझी इस्त्री गार पडली." फोन परत वाजायला लागला. मास्तरनं फोनकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, आणि गेला.

पत्र्याचा डबा टेबलावर उपडा झाला. सहा वर्षांचा गंज, पण कात्र्या कात्र्याच होत्या. भाचीच्या वाट्याला आली ती एक जवळपास कोरी होती, मुठीवर काळं पॉलिश लावलेली. तिनं ती उघडून मिटून बघितली आणि कॉलरचा धागा कापला.

वहिनीनं आपला डबा घेतला, पिशवी घेतली. कोणी वाट अडवली नाही आणि कोणी निरोपही घेतला नाही. ती दारापर्यंत पोहोचली, बाहेर रस्त्यावर आली, तेव्हा मागून पावलं वाजली. ताई होती. वहिनी थांबली. मारेल असं तिला वाटलं. मारावं असंही वाटलं.

ताई जवळ आली आणि तिनं स्वतःच्या गालात बोट घालून तो बाजूला ओढला. उजवीकडची ती रिकामी लाल हिरडी तिनं वहिनीला नीट, सावकाश दाखवली. मग बोट काढून पुसलं. मघाशी फेकलेला शर्ट अंगावर बसला तेव्हा वहिनीच्या डोक्यावरची गाठ सुटली होती. ताईनं पट्टीची दोन्ही टोकं धरली आणि इतकी जोरात आवळली की वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तीन आठवडे तोंड उघडायचं नाहीस," ताई म्हणाली. "रोज सकाळी मी येऊन ही पट्टी बघणार आहे. आणि सुटेल त्या दिवशी तू माझ्यासमोर बसायचंस आणि सगळं सांगायचंस. पहिली दाढ काढून आले तेव्हा तू मला भात भरवत होतीस, तेव्हा तुझ्या मनात काय होतं, तेसुद्धा. एक अक्षर गाळलंस ना, तर बघ."

वहिनीनं मान हलवली.

"मान हलवू नकोस," ताई खेकसली. "निखळेल परत."